चेहऱ्याचा रंग ठरतो चित्रणाआधीच

लग्न होऊन दोन महिने उलटतात आणि एके दिवशी चित्रफीत घरी येते. सारे कुटुंब दूरचित्रवाणी संचासमोर जमते. मंडपाची सजावट सुरेख टिपलेली असते, पैठणीचा काठ झळाळत असतो, पार्श्वसंगीतही साजेसे असते. पण मंगलाष्टके संपायच्या आत आजी हळूच विचारतात, 'अगं, आपली पोर अशी राख फासल्यासारखी का दिसतेय?' कोणाजवळच उत्तर नसते. कॅमेरा महागडा होता, चित्रण करणारा अनुभवी होता, रंगभूषाही चांगली झाली होती. तरी चेहरा ओळखीचा वाटत नाही. आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

अशा वेळी दोष कॅमेऱ्याला किंवा संकलकाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा उत्तर कॅमेऱ्याच्या मेन्यूतील एका ओळीत दडलेले असते. चित्रण सुरू करण्यापूर्वी निवडलेली 'कलर प्रोफाइल' माणसांच्या त्वचेचा रंग पडद्यावर कसा उमटेल, याचा निम्माअधिक निकाल आधीच लावून टाकते. उरलेला निम्मा निकाल संगणकावरील रंगसंस्कारात, म्हणजे ग्रेडिंगमध्ये लागतो. पण पहिल्या टप्प्यात गमावलेले दुसऱ्या टप्प्यात फारसे परत मिळत नाही.

प्रोफाइल म्हणजे काय?

कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की त्याचा आकडाही दुप्पट होतो. मानवी डोळा मात्र असे पाहत नाही. अंधाऱ्या भागातील लहानसा फरक त्याला चटकन जाणवतो, प्रखर उजेडातील मोठा फरकही जाणवत नाही. म्हणून सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे न ठेवता कॅमेरा त्यांना एका वक्ररेषेतून घालतो, रंगांचे आपसांतील प्रमाण ठरवतो, तीव्रता आणि रेखीवपणा कमी-अधिक करतो आणि मग ते लहान फायलीत दाबून बसवतो. या साऱ्या प्रक्रियेची पाककृती म्हणजे प्रोफाइल.

छायाचित्रणात 'रॉ' फाइल ठेवली तर ही पाककृती मागाहून बदलता येते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या व्हिडिओ फायलीत ती सोय नसते. पदार्थ शिजूनच बाहेर येतो. आमटीत मीठ कमी असेल तर वरून घालता येते. जास्त झाले तर सुगरणीचाही नाइलाज होतो. प्रोफाइलची निवड करताना नेमके हेच ध्यानात ठेवावे लागते.

बाजारातील कॅमेऱ्यांत कंपनीगणिक नावे वेगळी असली, तरी या प्रोफाइलींची तीन कुळे करता येतात. पहिले कूळ तयार चित्राचे. 'स्टँडर्ड', 'पोर्ट्रेट', 'न्यूट्रल' अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या प्रोफाइली १९९० साली ठरलेल्या रेक ७०९ या दूरचित्रवाणी मानकाच्या जवळपास चित्र देतात. चित्रण केले की ते थेट दाखवता येते. दुसरे कूळ लॉग प्रोफाइलींचे. सोनीची एस-लॉग, कॅननची सी-लॉग, पॅनासोनिकची व्ही-लॉग, फुजीची एफ-लॉग, निकॉनची एन-लॉग ही त्यांची नावे. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोमध्ये 'अॅपल लॉग' आल्यापासून ही सोय खिशातील फोनपर्यंत पोहोचली आहे. तिसरे कूळ या दोहोंच्या मधले. सोनीची 'एस-सिनेटोन' आणि 'सिने' प्रोफाइली, पॅनासोनिकची 'सिनेलाइक डी', फुजीची 'एटर्ना' या त्यातल्या. यांतील चित्र थोडे मवाळ असते, पण फिकट आणि निर्जीव नसते.

फिकट चित्राचे आकर्षण

लॉग प्रोफाइलचे मूळ चित्रपटसृष्टीत आहे. फिल्मची निगेटिव्ह संगणकात उतरवताना तिच्यातील प्रखर आणि अंधारे असे दोन्ही टोकांचे तपशील सांभाळण्यासाठी १९९० च्या दशकात कोडॅकने सिनिऑन ही प्रणाली आणली होती. पुढे त्याच कल्पनेवर डिजिटल कॅमेऱ्यांच्या लॉग वक्ररेषा बेतल्या गेल्या. लॉगमधील चित्र पाहताना धुरकट, रंग उडालेले वाटते. मात्र खिडकीबाहेरचे ऊन आणि खोलीतील सावली अशा दोन्ही गोष्टी त्यात टिकून राहतात. ग्रेडिंग करणाऱ्याला त्यातून हवे ते चित्र घडवता येते.

मोठे चित्रपट लॉगमध्ये चित्रित होतात, म्हणून लॉग म्हणजे व्यावसायिक आणि तयार प्रोफाइल म्हणजे हौशी, असा समज नवोदितांमध्ये पक्का झाला. इथेच गफलत होते. चित्रपटाच्या कॅमेऱ्याची फाइल मोठी असते, प्रकाशयोजना ताब्यात असते आणि मागाहून रंगसंस्कारासाठी जाणकार कलावंत दिवसचे दिवस देतो. लग्नसमारंभाच्या किंवा छोट्या माहितीपटाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

ही गफलत आकड्यांत मांडता येते. ८ बिटच्या फायलीत लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; १० बिटच्या फायलीत १,०२४. एकत्रित हिशेब केला तर ८ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख आणि १० बिटमध्ये १०७ कोटींहून अधिक छटा होतात. आता छायाचित्रणातील प्रमाण राखाडी कार्ड, जे आपल्यावर पडणारा १८ टक्के प्रकाश परत फेकते, आणि ९० टक्के प्रकाश परत फेकणारा पांढरा कागद हे दोन टप्पे घ्या. माणसाच्या चेहऱ्याच्या बहुतेक उजळ छटा या दोहोंच्या दरम्यान किंवा राखाडीच्या किंचित खाली असतात. रेक ७०९ च्या वक्ररेषेत या दोन टप्प्यांमध्ये ८ बिटच्या फायलीत ११८ च्या आसपास पायऱ्या मिळतात. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये मात्र राखाडी ४१ टक्क्यांवर आणि पांढरा ६१ टक्क्यांवर बसतो. तेवढ्याच छटांना अवघ्या ४५ पायऱ्या उरतात. तीच लॉग १० बिटमध्ये वापरली, तर पायऱ्यांची संख्या १७८ होते.

ग्रेडिंगमध्ये हे फिकट चित्र ताणून पूर्ववत केले जाते, तेव्हा ४५ पायऱ्यांमधील अंतरही ताणले जाते. गालावरून हनुवटीकडे उतरत जाणारी छटा सलग न राहता पट्ट्यापट्ट्यांची होते. त्यात भर म्हणजे ८ बिटच्या बहुतेक फायलींमध्ये जागा वाचवण्यासाठी चार बिंदूंना मिळून रंगाची नोंद एकदाच केलेली असते. उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक बिंदूची, पण रंगाची नोंद चौघांत एक. परिणामी त्वचेवर कुठे हिरवट, कुठे गुलाबी डाग उमटतात. २०१८ साली आलेल्या आणि लग्नाच्या चित्रणासाठी लोकप्रिय ठरलेल्या सोनीच्या ए७-३ या कॅमेऱ्यात एस-लॉग होती, पण फाइल ८ बिटचीच होती. २०२० च्या ए७एस-३ मध्ये १० बिटची सोय आली. दोन्ही मेन्यूंत प्रोफाइलचे नाव एकच; हाती येणारे फळ मात्र वेगळे.

'शर्ली'चा वारसा

त्वचेच्या रंगाचा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. त्याला एक जुना इतिहास आहे. रंगीत छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवता यावेत म्हणून १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी एक नमुना छायाचित्र पुरवत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक स्त्री असे. सुरुवातीच्या काळातील अशी एक स्त्री कंपनीचीच कर्मचारी होती, तिचे नाव शर्ली. तेव्हापासून मॉडेल बदलल्या तरी या नमुन्याला 'शर्ली कार्ड' असेच म्हटले जाऊ लागले. शर्लीचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर, असा प्रयोगशाळांचा शिरस्ता पडला. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे डोळे व दात तेवढे उठून दिसत, बाकी तपशील काळोखात बुडून जात.

कॅनडातील संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या इतिहासाची मांडणी केली. फिल्ममधील तपकिरी छटा सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, ही त्यातील बाब विचार करायला लावणारी आहे. कडू आणि दुधाळ चॉकलेटमधला, गडद आणि फिकट लाकडातला फरक छापील जाहिरातीत दिसेना, तेव्हा कारखानदारांनी आवाज उठवला. माणसांच्या चेहऱ्यांना त्या सुधारणेचा लाभ ओघानेच मिळाला. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड १९९० च्या दशकाच्या मध्यास आले.

फिल्म मागे पडली, पण 'तयार' चित्र कोणाच्या डोळ्यांना चांगले वाटावे हा निर्णय आजही कोणीतरी घेतलेला असतोच. तो प्रत्येक प्रोफाइलमध्ये मुरलेला असतो. २०२१ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ६ फोनमध्ये विविध वर्णांच्या चेहऱ्यांसाठी 'रिअल टोन' ही सोय दिली आणि २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली त्वचेच्या १० छटांची श्रेणी स्वीकारली. प्रश्न अजून संपलेला नाही, याचीच ही कबुली म्हणता येईल.

सगळ्यांचा रंग एकाच रेषेवर

या संदर्भात एक गोष्ट मात्र ग्रेडिंग करणाऱ्याच्या मदतीला येते. संगणकावरील 'व्हेक्टरस्कोप' नावाच्या वर्तुळाकार आलेखावर चित्रातील रंग मांडले जातात. केंद्रापासूनची दिशा रंगाची जात दाखवते आणि अंतर त्याची तीव्रता. या वर्तुळात घड्याळातील अकराच्या आसपास, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, एक तिरपी रेषा असते. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले, त्या वेळच्या दोन रंगसंकेतांपैकी एकाची ती रेषा. ती त्वचेसाठी आखलेली नव्हती. पण नैसर्गिक प्रकाशातील मानवी त्वचेचे रंग तिच्याजवळ येऊन पडतात, असे अनुभवास आले आणि तिला 'स्किन टोन लाइन' हे नाव चिकटले.

गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा या साऱ्या वर्णांचा रंग त्वचेतील मेलॅनिन आणि त्याखालून वाहणारे रक्त या दोन गोष्टींनी मुख्यतः ठरतो. त्यामुळे रंगाची जात जवळपास सारखीच राहते. फरक पडतो तो उजळपणात आणि तीव्रतेत. म्हणजे सावळ्या चेहऱ्याला नैसर्गिक दाखवण्यासाठी त्याचा रंग 'बदलावा' लागत नाही. त्याचा स्वतःचा उजळपणा तेवढा सांभाळावा लागतो.

नेमके तेच अनेकदा होत नाही. कॅमेऱ्यातील पडद्यावर उजळ भागांवर तिरप्या रेषा दाखवणारा 'झेब्रा' ७० टक्क्यांवर ठेवून चेहऱ्याचे एक्स्पोजर ठरवण्याचा जुना प्रघात आहे. तो गोऱ्या चेहऱ्यांसाठी पडलेला. गोरी त्वचा राखाडी कार्डापेक्षा सुमारे एक स्टॉप, म्हणजे दुपटीने उजळ असते. गव्हाळ वर्ण राखाडी कार्डाच्या आसपास असतो आणि गडद वर्ण त्याहून खाली. सावळा चेहरा ७० टक्क्यांवर ओढला की पांढरे सोवळे, फुले आणि दागिने पांढरेफटक होऊन जातात व चेहरा धुतल्यासारखा दिसतो. उलट लॉगमध्ये तोच चेहरा कमी उजेडात चित्रित केला, तर तो सेन्सरच्या दाणेदार 'नॉइज'मध्ये जाऊन बसतो. नंतर ओढून उजळ केला की राखाडी, निर्जीव होतो. आजींना दिसलेली राख बहुधा हीच.

हळद आणि एलईडी

मराठी लग्नात कॅमेऱ्याची खरी परीक्षा हळदीला लागते. चेहरे पिवळे, साड्या पिवळ्या, झेंडूची तोरणे पिवळी-केशरी. स्वयंचलित 'व्हाइट बॅलन्स' असलेला कॅमेरा हे सारे पाहून चित्रात पिवळा प्रकाश फार आहे असे समजतो आणि त्याला उतारा म्हणून निळा रंग वाढवतो. हळदीचे तेज जाते आणि जिथे हळद लागलेली नाही ती त्वचा फिकट, निळसर होते. यावर उपाय सोपा आहे. पांढरा किंवा राखाडी कागद त्याच उजेडात धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा व समारंभ संपेपर्यंत बदलू नये. ग्रेडिंगच्या वेळीही हळद लागलेला चेहरा त्या तिरप्या रेषेवर आणण्याचा हट्ट धरू नये. हळद पिवळीच दिसायला हवी.

सभागृहातील स्वस्त एलईडी दिवे हा दुसरा शत्रू. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे सांगणारा सीआरआय हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. पण तो मवाळ अशा ८ रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर ९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्वचेतील जिवंतपणा रक्ताच्या लालीमुळे असतो. दिव्यात लाल प्रकाशच तोकडा असेल, तर तो कोणत्याही प्रोफाइलला निर्माण करता येत नाही. अशा ठिकाणी चांगल्या प्रतीचा, मोठ्या पृष्ठभागाचा एक मवाळ दिवा बाजूने चेहऱ्यावर टाकणे हे महागड्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी ठरते. सावळ्या त्वचेवर अशा दिव्याची हलकी चकाकी उमटते आणि चेहऱ्याची ठेवण तिच्यामुळेच उठून दिसते.

निवड कशी करावी?

प्रोफाइल निवडताना तीन प्रश्न विचारावेत. कॅमेऱ्याची फाइल किती बिटची आहे? चित्रण कोण आणि किती वेळात रंगसंस्कारित करणार आहे? आणि उजेड-सावलीतील तफावत किती आहे?

कॅमेरा ८ बिटचा असेल तर लॉगचा मोह टाळावा. 'न्यूट्रल' किंवा 'पोर्ट्रेट' प्रोफाइल घेऊन तिच्यातील कॉन्ट्रास्ट, तीव्रता आणि विशेषतः रेखीवपणा थोडा उतरवावा. रेखीवपणा वाढवल्याने रंध्रे आणि सुरकुत्या उठावदार होतात आणि तो मागाहून काढता येत नाही. कॅमेरा १० बिटचा आहे, पण चित्रफीत आठवड्याभरात द्यायची आहे, अशा वेळी मधल्या कुळातील प्रोफाइल उत्तम. सोनीने आपल्या 'व्हेनिस' या चित्रपटाच्या कॅमेऱ्यावरून बेतलेली एस-सिनेटोन २०१९ मध्ये एफएक्स ९ या कॅमेऱ्यातून आणली आणि पुढे लहान कॅमेऱ्यांनाही दिली. तिच्यात त्वचेच्या मध्यम छटा मवाळ राहतात आणि उजळ भाग एकदम पांढरे पडत नाहीत. फुजीची एटर्नाही याच जातीची.

भर दुपारचे मोकळ्या जागेतील लग्न, खिडकीसमोर बसवून घेतलेली मुलाखत, मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातून उन्हात येणारी मिरवणूक, अशा प्रसंगी १० बिटची लॉग आपले मोल सिद्ध करते. मात्र तिच्यात एक-दोन स्टॉप जादा उजेड घेऊन चित्रण करावे, म्हणजे चेहरा नॉइजच्या वर राहतो. ग्रेडिंगमध्ये प्रथम त्या कंपनीच्या लॉगसाठी असलेल्या रूपांतराने चित्र रेक ७०९ मध्ये आणावे, मग उजेड, मग पांढरा रंग आणि त्यानंतर त्वचा तपासावी. 'सिनेमासारखा' निळा-नारिंगी साज चढवायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी आणि चेहऱ्याला धक्का न लावता.

एकाच समारंभात दोन-तीन कॅमेरे असतील तर सर्वांवर एकाच कुळातील प्रोफाइल व एकच व्हाइट बॅलन्स ठेवणे अगत्याचे. सुरुवातीला सर्व कॅमेऱ्यांसमोर रंगांचा तक्ता धरून काही सेकंदांचे चित्रण करून ठेवावे. १९७६ पासून वापरात असलेल्या २४ चौकोनांच्या कलरचेकर तक्त्यातील पहिले दोन चौकोन त्वचेच्या गडद आणि उजळ छटेचेच आहेत. आणि तक्त्यापेक्षाही विश्वासाची कसोटी म्हणजे ज्यांचे चित्रण करायचे त्या माणसांचेच, त्याच जागेत, आदल्या दिवशी केलेले अर्ध्या मिनिटाचे चाचणी चित्रण. ते घरच्या टीव्हीवर आणि फोनवर पाहावे. चित्रणाचे काम देणाऱ्या कुटुंबानेही ही चाचणी मागण्यात संकोच बाळगू नये.

'जरा उजळ करा'

अखेरचा अडथळा तंत्राचा नसून मनाचा असतो. 'मुलगी जरा उजळ दिसू द्या,' ही मागणी स्टुडिओत नित्याची आहे. मग संगणकावर त्वचा निवडून वर ओढली जाते. गाल, नाक आणि कपाळ यांच्या छटांतला फरक पुसला जातो, चेहऱ्याचा गोलावा नाहीसा होतो आणि उरतो तो सपाट, अनोळखी मुखवटा. चेहऱ्यावर अधिक उजेड हवा असेल तर तो दिव्याने द्यावा, रंग पुसून नव्हे. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. कॅमेऱ्याच्या मेन्यूसमोर आणि ग्रेडिंगच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांनीही आपल्या मनातील शर्ली कार्ड एकदा तपासून पाहायला हवे.

पन्नास वर्षांनी ही चित्रफीत कोणी लावली, तर ती मंडपाची रोषणाई पाहण्यासाठी नसेल. आपली आजी तरुणपणी कशी दिसत होती, हे नातवंडांना पाहायचे असेल. ज्या मुलखात विठ्ठल सावळाच साजरा वाटतो, तिथे त्या आजीचा सावळा रंग तिच्या चित्रफितीत तरी तसाच राहायला हवा. त्यासाठी चित्रणापूर्वी मेन्यूतील त्या एका ओळीवर क्षणभर थांबून विचार करणे, एवढेच करायचे आहे.